आधी डबी ठरू दे

चहा आला की अप्पा आधी पीत नसे. खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढायचा, एक डोळा मिटायचा, पुठ्ठ्यात कापलेल्या आडव्या खिडकीतून कपाकडं बघायचा, कप बोटभर डावीकडं सरकवायचा आणि परत बघायचा. तोवर चहावर साय धरलेली असायची. मग अप्पा म्हणायचा, "आता बसलं," आणि तो गार चहा एका घोटात संपवायचा.

पुठ्ठा चपलेच्या खोक्याच्या झाकणाचा. व्हिडिओ ज्या मापाचा दिसतो त्या मापाची खिडकी त्यानं ब्लेडनं कापली होती, आणि नांदेडात त्या खिडकीतून गेलं नाही असं फारसं काही उरलं नव्हतं. गोदावरीचा घाट गेला, रस्त्यात बसलेली म्हैस गेली, परीक्षेच्या हॉलवरचे सरही गेले. सरांनी पुठ्ठा जप्त केला तेव्हा अप्पानं त्याच खोक्याच्या तळातून दुसरा कापला. आमच्या दुकानमालकीण काकूंना मात्र हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. "मला कशाला मापात बसवूलालास रे?" म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता पदर नीट करून घ्यायच्या.

नाव त्याचं विरूपाक्ष. गाव उदगीर, वडलांचं तिथं भांड्यांचं दुकान. वय बावीस-तेवीस, पण चालायचा असा, की दोन्ही हात पाठीमागं, मान खाली, जसा काही बांधावरून पिकाला पाणी पोचलं का बघत निघालेला म्हातारा. इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्याच आठवड्यात पोरांनी त्याचा अप्पा करून टाकला. असा हा अप्पा एका रॉक बँडचा म्होरक्या होता, हे मी कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडंच संशयानं बघायचे.

मी माणिक. शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातला. नववीत शाळा सुटली, का सुटली ते असू द्या, आणि फिरत फिरत नांदेडात काकूंच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात येऊन पडलो. नांदेड काही परदेश नव्हे. पण घरी जायला एसटी बदलावी लागते आणि जायचं निमित्त दिवाळीलाच सापडतं, तेव्हा मला ते लांबच. काळजी करणं हा माझा मूळ धंदा, पत्रिका हा जोडधंदा. नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं जाईल, शाई ओली राहील, काकू एखाद्या दिवशी म्हणतील की माणिक, आता तू जा. ही सगळी काळजी मी सकाळी झाडून काढता काढता उरकून घेतो. काकूंनी आजवर तसं कधी म्हटलेलं नाही. उलट जेवताना न विचारता ताटात वाढतात. त्यानं तर काळजी आणखीच वाढते.

दुकानाच्या वरच्या खोलीत अप्पा आणि त्याचा मित्र फैजान भाड्यानं राहायचे. फैजान भोकरचा, अंगानं दणकट, बोलणं निम्मं मराठी निम्मं दखनी. तो ड्रम वाजवायचा. तिसरी रेवती, देगलूरची. ती लेडीज हॉस्टेलवर राहायची, गिटार वाजवायची, आणि चिडली की तेलुगूत बोलायची. ते बाकी कुणालाच धड कळत नसल्यामुळं भांडण लवकर मिटायचं.

रविवारी दुकान बंद. कागदाचे गठ्ठे आवाज खातात, हा अप्पाचा शोध. म्हणून काकूंना विचारून त्यांनी दुकानातच सराव मांडला. शटर आतून ओढून घ्यायचं, आणि फैजाननं ड्रमऐवजी कार्डांच्या बंद गठ्ठ्यांवर काठ्या चालवायच्या, म्हणजे गल्ली उठायला नको. बँडचं नावही त्यावरूनच पडलं, 'बंद शटर'. काकूंची अट एकच होती, की माल सांभाळायला माणिक तिथं बसेल. तसा मी रविवारचा त्यांचा एकमेव श्रोता झालो.

रॉक म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. गिटारचा आवाज त्यात मुद्दाम फाटका ठेवतात एवढं पहिल्या दिवशी कळलं. आमच्या गावाकडं आवाज फाटला की स्पीकर दुरुस्तीला देतात. पण गाणी अप्पा स्वतः लिहायचा, आणि ती आपल्या बोलण्यातली असायची. त्यातलं एक मला लगेच पाठ झालं:

*पंखा बंद करून जा रे जाताना,*
*रिकाम्या खोलीत वारं उगाच फिरतं.*

काकूंनी जिन्यावरून हे ऐकलं आणि त्यांचं रॉकबद्दलचं मत एकदम सुधारलं. "चांगलं गाणं हाय," म्हणाल्या, "लाईट बिलाचं."

आता असं बघा, गाणी चार-पाच झाली होती. कुठल्याही माणसानं पुढं ती रेकॉर्ड केली असती, व्हिडिओ काढला असता, टाकला असता. अप्पाचं तसं नव्हतं. त्याला अल्बम हवा होता, आणि अल्बमला डबी हवी होती. डबी म्हणजे ज्यात अल्बम घालून माणसाच्या हातात द्यायचा ती. रेवतीनं विचारलं की लोक फोनवर ऐकतात, डबी कोण मागूलालंय? त्यावर अप्पानं पुठ्ठा खाली ठेवला, म्हणजे बोलणं गंभीर होतं.

"फोनवरचं गाणं माणूस बोटानं पुढं ढकलतो," तो म्हणाला. "डबी हातात दिली की तिला ठेवायला घरात जागा शोधावी लागते. एकदा जागा सापडली की ती जात न्हाई तिथून."

तेव्हापासून कुठलाही प्रश्न आला की उत्तर ठरलेलं. व्हिडिओ कुठं काढायचा? आधी डबी ठरू दे. स्टुडिओची तारीख घ्यायची का? आधी डबी ठरू दे. फैजान विचारायचा, "अप्पा, भूक लगी, आज मेस को जाना कि नहीं?" आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "नको नको, आधी डबी ठरू दे."

डब्या करण्यात मात्र अप्पा कमी पडला नाही. एक गोल केली, ती टेबलावरून घरंगळली. एक आगपेटीसारखी केली, तिचं आतलं बाहेर आलं ते परत आत जाईना. एक टिनाची वडलांच्या दुकानातून आणली, ती उघडताना रेवतीचं नख गेलं. प्रत्येक डबी पुठ्ठ्याच्या खिडकीतून बघितली जायची आणि नापास व्हायची.

एके रविवारी त्याला आमच्या माळ्यावर काळे बॉक्स सापडले. पत्रिकेबरोबर काजू-बदाम द्यायला चार कप्प्यांचे बॉक्स येतात, तसले. काळा रंग लग्नाला कोण घेणार, म्हणून ते वर्षानुवर्षं पडून होते. अप्पानं एक उघडून खिडकीतून बघितलं आणि मिटलेला डोळा बराच वेळ उघडलाच नाही. ठरलं. झाकणाच्या आत गाण्यांचा पेन ड्राइव्ह. पहिल्या कप्प्यात फैजानच्या मोडलेल्या काठीचा तुकडा, दुसऱ्यात रेवतीच्या गिटारची तुटकी तार गुंडाळून, तिसऱ्यात अप्पानं पुठ्ठ्यातून कापलेली गिटार छेडायची चकती.

"चौथ्यात काय?" रेवतीनं विचारलं.

"ते ठरवायचंय," अप्पा म्हणाला.

हा चौथा कप्पा आम्हाला हिवाळाभर पुरला. आरसा, एसटीचं तिकीट, मूठभर माती, सगळं सुचवून झालं. एकदा अप्पा माझ्याकडं वळला. "माणिकभाऊ, तुम्ही सांगा. तुमच्या डोळ्याला काय दिसतं तिथं?"

शाळा सुटल्यापासून मला कुणी काय करायचं ते सांगितलं होतं, काय वाटतं ते विचारलं नव्हतं. शिवाय शाळेतसुद्धा विचारत होते ते पाढे. मी इतका घाबरलो की तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, वेलदोडा. फैजान गठ्ठ्यावरून पडायचा राहिला. पण अप्पा हसला नाही. पुढच्या रविवारी येताना वेलदोडा घेऊन आला, कप्प्यात ठेवला, खिडकीतून बघितला, आडवा केला, उभा केला. मग म्हणाला, "वास चांगला हाय, पण दिसायला एकटा पडतो." मला नकार मिळाला होता आणि तरी त्या दिवशी दुकान झाडताना मी गाणं म्हणत होतो.

उन्हाळा लागला तसं वातावरण बदललं. फैजानला हैदराबादला नोकरी लागली, जूनच्या सुरुवातीला हजर व्हायचं होतं. रेवती त्याच्या मागोमाग पुण्याला जाणार होती. अप्पाचे विषय राहिले होते, म्हणजे तो नांदेडातच. फैजान गेला की बँड संपला, हे तिघांनाही कळत होतं. व्हिडिओ आणि अल्बम त्याच्या आत झाला तर झाला. आणि नेमकं तेव्हाच अप्पानं ठरलेलं सगळं उसवायला सुरुवात केली. कंधारच्या किल्ल्यावर शूटिंग ठरलं, अप्पाला तिथलं ऊन नको होतं. घाटावर ठरलं, त्याला पाणी कमी वाटलं.

त्यातच आणखी एक अडचण. कॅमेरा, ड्रोन आणि लाईटवाला माणूस हे सगळं लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं. त्यामुळं लग्नाची तिथी असेल त्या दिवशी काहीच मिळायचं नाही. आमच्या दुकानातल्या पंचांगासमोर बसून, मुहूर्त नसलेला दिवस शोधून रॉक बँडनं शूटिंगची तारीख काढली. माझं पान उलटणं, फैजानचं विचारणं, "इसमें शादी है?" आणि माझं मान हलवणं. एक मोकळा दिवस निघाला. अप्पा म्हणाला, बघू. रेवती तेव्हा सुट्टीला घरी गेली होती आणि शूटिंगसाठी ये-जा करत होती, ती तेलुगूत न बोलता सरळ मराठीत बोलली.

"अप्पा, तुला हे करायचंय का न्हाई, एवढं सांग. मी काय सारखी सारखी देगलूरच्या बसमधून उतरूलाले का?"

अप्पानं पुठ्ठा खिशातून काढला, परत ठेवला. मग म्हणाला, "लातूरला करू. माझ्या जुन्या हॉस्टेलवर."

लातूरला शिकायला गावोगावची पोरं येतात आणि खोल्या-खोल्यांतून राहतात. अप्पाला पाचवीतच तिथं ठेवलेलं. आम्ही गेलो तेव्हा परीक्षा संपून हॉस्टेल मोकळं झालं होतं. लोखंडी खाटा, गुंडाळलेल्या गाद्या, भिंतीवर कुणीतरी लिहिलेली सूत्रं. शूटिंगवाल्यानं सवयीनं रेवतीला नजर खाली ठेवून हळूच वर बघायला सांगितलं. तिनं ज्या नजरेनं बघितलं त्यानंतर त्यानं पुन्हा सांगितलं नाही. फैजान खाटेवर बसून वाजवत होता, तेव्हा वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडू का, असंही त्यानं मनापासून विचारलं. अप्पानं त्याला पुठ्ठ्यातून बघितलं आणि विषय संपवला.

शेवटचा शॉट एवढाच होता, की रिकामी खोली, फिरता पंखा, दारातून एक हात येतो आणि बटण बंद करतो. सगळ्या व्हिडिओत अप्पाचा भाग तेवढाच, एक हात. शूटिंगवाल्यानं इशारा केला. हात आला, बटणापर्यंत गेला आणि थांबला. पुन्हा केलं. पुन्हा थांबला. "अजून जरा फिरू दे," अप्पा बाहेरून म्हणाला. शूटिंगवाला माझ्याकडं बघून म्हणाला की मंगलाष्टकं याच्यापेक्षा लवकर उरकतात.

मी दारापाशी उभा होतो. मेसच्या मावशी पाणी घेऊन आल्या होत्या, त्या माझ्या शेजारी थांबल्या. "तवाबी ह्येच काम होतं ह्याचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी विचारलं, कोणतं? तर त्यांनी सांगितलं की मे महिन्यात एकेकाचे आईबाप यायचे न्यायला. ह्याच्या वडलांना लग्नसराईत दुकान सोडता यायचं न्हाई, म्हणून हा सगळ्यांच्या मागं राहायचा. सगळ्यांच्या पेट्या स्टँडवर पोचवायचा. पोरं घरी जायच्या आनंदात पंखे तसेच चालू टाकून पळालेली असायची. "मग हा एकटाच खोल्या-खोल्यांतून पंखे बंद करत फिरायचा. सगळ्या मजल्यांवरचे. मी म्हनायची, बाळा, राहू दे, मी करते. तर न्हाई."

आत खटका वाजला. पंखा मंद झाला, त्याची पाती वेगळी वेगळी दिसायला लागली आणि थांबली. शूटिंगवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

पंख्याचं ते गाणं लाईट बिलाचं नव्हतं, आणि डबी का ठरत नव्हती तेही मला त्या दारात उभं राहून कळलं. डबी ठरत नव्हती तोवर रविवार येत होते.

मे सरत आला तसं रेकॉर्डिंग घाईघाईनं झालं. डब्या भरायचं काम आमच्या दुकानात. चौथा कप्पा अजून रिकामाच होता, आणि अप्पा म्हणाला की आता रिकामाच राहू द्या. फैजान निघायच्या आदल्या दिवशी कॉलेजातल्या मित्रांना त्या वाटायच्या होत्या. मी त्याच्याही आदल्या संध्याकाळी भरून, लावून ठेवल्या आणि निर्धास्त झोपलो. माझ्या आयुष्यातली ही एक दुर्मिळ गोष्ट.

सकाळी खाली उतरलो तर टेबलावर सगळ्या डब्या वाळत पडलेल्या. प्रत्येक काळ्याभोर झाकणाच्या चारी कोपऱ्यांना हळद. उघडून बघितली तर चौथ्या कप्प्यात अक्षतांची पुडी. दुकानातून पहिला माल जाताना काकू स्वतः हळद लावतात आणि अक्षता घालतात, तो त्यांचा नेम. समोर दिसला तो माल, लावली हळद.

मी काकूंना म्हणालो, काकू, हे लग्न नाही. त्या म्हणाल्या, "मग काय झालं? पोरं चालली न्हवं सगळी बाहेरगावी? आणि कप्पा रिकामा देतात का कुठं? माझ्या दुकानातून रिकामी डबी गेली न्हाई आजवर."

तेवढ्यात तिघं आले. रेवती तेलुगूत सुरू झाली. या खेपेला अर्थ सगळ्यांना कळला. फैजाननं एक डबी उचलून मला वाकून मुजरा केला आणि विचारलं, "दुल्हन कौन है, माणिकभाई?" मी हळद पुसायला फडकं शोधत होतो, ते मला सापडत नव्हतं, आणि ते माझ्याच खांद्यावर होतं.

अप्पानं पुठ्ठा काढला. एक डोळा मिटला. डबी डावीकडं सरकवली नाही, उजवीकडं सरकवली नाही. मग पुडी उचलून हातावर घेतली, तिचं वजन बघितल्यासारखं केलं आणि होती तिथं परत ठेवली.

"काकू," तो म्हणाला, "चौथा कप्पा ठरला."

काकूंनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यात ठरवण्यासारखं होतं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही फैजानला सोडायला स्टेशनवर गेलो. रेवती तिथंच भेटली. बॅग अप्पानं कुणाला उचलू दिली नाही. खोलीपासून रिक्षापर्यंत त्यानंच नेली, रिक्षातून फलाटावर त्यानंच, आणि गाडीत सीटखाली सरकवून, ती नीट बसली का ते पुठ्ठ्यातून बघितलंसुद्धा. मला मावशींनी सांगितलेल्या त्या पेट्या आठवत होत्या.

गाडी हलली. फैजान दारात उभा. अप्पा बरोबर चालत होता, हात पाठीमागं. त्या हातात काहीतरी होतं. मग त्यानं पुडी फाडली आणि मूठभर अक्षता फैजानच्या डोक्यावर टाकल्या. दारातले दोन-चार प्रवासी चमकून मागं सरले.

"मेरी शादी लगा रहा क्या बे?" फैजान ओरडला. केसातले तांदूळ झटकायला त्यानं हात वर केला आणि मग झटकले नाहीत.

"खोलीचा पंखा बंद केलास का?" अप्पानं विचारलं.

"न्हाई केला."

"कामून?"

"तू हायस की तिथं," फैजान म्हणाला. नंतर तो आणखी काहीतरी बोलला, ते गाडीच्या आवाजात गेलं.

रेवती चष्मा पुसत होती. पुण्याला जायच्या आधी एका रविवारी येते म्हणाली आणि हॉस्टेलकडं निघून गेली. अप्पा आणि मी परत आलो. वाटेत तो भराभर चालत होता, हात पाठीमागं नव्हते. जिना चढता चढताच वरून घरघर ऐकू आली. खोलीत फैजानची बाजू रिकामी, गादी गुंडाळलेली, आणि पंखा फुल फिरत होता. भिंतीवरचं कॅलेंडर एकटंच फडफडत होतं.

अप्पा बटणापाशी गेला. हात वर केला. मी दारातच थांबलो, त्या दिवशी लातूरला थांबलो होतो तसा.

हात खाली आला. अप्पानं फैजानची गादी उलगडून अंथरली, कोपरे ओढून सारखे केले.

"बसा, माणिकभाऊ," तो म्हणाला.

खाली दुकान उघडायचं होतं, काकू हाका मारतील ही काळजी होतीच. तरी मी बसलो. समोर बसून त्यानं खिशातून पुठ्ठा काढला, एक डोळा मिटला.

"जरा डावीकडं."

मी बोटभर सरकलो. त्या खिडकीतला त्याचा डोळा ओला होता, पण मापात होता.

"आता बसलं," अप्पा म्हणाला.